सहा ठिपक्यांचा ढ

मराठीतल्या ‘ढ’ला ब्रेलमध्ये सहाच्या सहा ठिपके असतात, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. राजापेठच्या पुलावरून रात्रीचे ट्रक जात होते, घरातले सगळे झोपले होते, आणि मी पलंगावर पडून उजव्या हाताच्या बोटानं चादरीवर ठिपके दाबत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ढ. पुन्हा ढ. कुणाला तरी उठवून सांगावं असं इतकं वाटत होतं!

बत्तीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला. कमळ-बदकापासून जोडाक्षरांपर्यंत हजारभर मुलांचे हात धरून गिरवून घेतलं असेल. मराठी अक्षरांचं आपल्यापासून लपलेलं काही उरलेलं नाही, असं मी धरूनच चालले होते. आमच्या अमरावतीत डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे हेही मला माहीत होतं, पण आपण जी मराठी शिकवतो तीच मराठी मुलं बोटांनी कशी वाचत असतील, हा प्रश्न बत्तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नाही. आता तो प्रश्न मला जेवू देत नाही. सकाळी उठले की मी आधी पाटी शोधते!

झालं असं की माझी भाची दर्यापूरहून राजापेठला राहायला आली, आमच्या गल्लीतच. तिची मुलगी सहा वर्षांची. सातव्या महिन्यात जन्मली, बरेच दिवस पेटीत होती, आणि डोळ्यांच्या मागच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या वाढायच्या त्या तशा वाढल्या नाहीत. कळलं तेव्हा उशीर झाला होता. (वेळेआधी जन्मलेलं बाळ ज्यांच्या घरात असेल त्यांनी एवढं ऐकाच: त्याच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यायचा, फारच लहान बाळ असेल तर त्याहूनही आधी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही हा आजार धरलेला आहे.) तर ही पोरगी. अंधार-उजेड तेवढा समजतो. पण कान असे की आमच्या गल्लीत शिरणारी मोटरसायकल कुणाची ते सांगते, आणि कोपऱ्यावर गिलावड्याची कढई चढली की तिला सगळ्यांच्या आधी कळतं.

भाची म्हणाली, “मावशी, तू पहिलीले शिकवलं ना एवढे वर्षं, मंग हिले वाचाले शिकव ना.”

मी लगेच कामाला लागले. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून मोठमोठी अक्षरं केली. सुतळीचा क, सुतळीचा म, सुतळीचा ळ. माझ्या दृष्टीनं अगदी सुबक! पोरगी एकेका अक्षरावरून बोट फिरवायची, वळणावर थांबायची, मागे यायची, पुन्हा सुरू करायची. एका क ला तिला मिनिटभर लागायचं. गाठीपाशी पोचली की सुरुवात कुठून केली ते विसरायची. आठवडाभरानं तिनं पुठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाली, “आजी, हे सुतयी आहे. अक्षर कोठी आहे?”

किती बरोबर बोलली ती! नंतर वाचलं तेव्हा समजलं की जगात पहिल्यांदा लोकांनी हेच केलं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन आवी यांनी अंध मुलांची शाळा काढली, तिथे आपलीच डोळस अक्षरं कागदावर उठवून मुलांना दिली होती. त्याच शाळेत पुढे लुई ब्रेल शिकायला आला. शार्ल बार्बिए यांनी बोटांनी वाचायची बारा ठिपक्यांची खूण काढली होती, ती त्याच्या हाती पडली. बारा ठिपके बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नाहीत, बोट खालीवर हलवावं लागतं. त्यानं ते सहावर आणले. पद्धत छापून प्रसिद्ध झाली १८२९ मध्ये, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. वीस! डोळ्यांना रेघ आवडते, बोटाला ठिपका आवडतो. केवढी साधी गोष्ट आहे, आणि ती कळायला ज्याचं बोट त्यालाच विचारावं लागतं.

मग आमच्याकडे मॅडम आल्या. विशेष शिक्षिका, वयानं माझ्या मुलीएवढ्या, त्यांना स्वतःला जन्मापासून दिसत नाही. बडनेरा रोडला ऑटोतून उतरल्या, पांढरी काठी टेकत गल्लीत आल्या, आणि पिशवीतून काय काढलं असेल? सहा अंड्यांचा पुठ्ठ्याचा डबा! मला म्हणाल्या, “घरात लिंबं आहेत का?” मी सहा लिंबं आणून दिली.

डबा उभा धरायचा. डावीकडे वरून खाली तीन खळगे: एक, दोन, तीन. उजवीकडे तीन: चार, पाच, सहा. पहिल्या खळग्यात एक लिंबू ठेवलं. “हा अ.” एक आणि तीनमध्ये ठेवलं. “हा क.” पोरीनं दोन्ही हात डब्यावर ठेवले, क्षणभर थांबली, आणि लिंबं काढून पुन्हा तशीच ठेवली. क. मिनिट सोडा, दोन सेकंद लागले नसतील! त्या दुपारी तिनं पाच अक्षरं लिंबांनी लिहिली आणि मी तिच्या शेजारी बसून तीच पाच शिकले. वर्गातल्या आम्ही दोघी विद्यार्थिनी. संध्याकाळी वरणावर पिळायला लिंबू मागितलं तर म्हणते, “ते नोको घेऊ, तो ब आहे.”

सहा जागा, प्रत्येक जागी ठिपका असेल किंवा नसेल, म्हणून एकूण चौसष्ट घरं. त्यातलं एक रिकामं. उरलेल्या त्रेसष्ट घरांत आपली सगळी मराठी राहते! आणि तीच घरं इंग्रजीचीही आहेत. क साठी जे दोन ठिपके, तेच इंग्रजी ‘के’चे. आपल्या देशात आधी वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत, मग १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ठरली: ध्वनी एक तर ठिपके एक. म्हणजे तमिळ मुलाचा क, बंगाली मुलाचा क आणि आमच्या राजापेठच्या पोरीचा क, तिघांच्या बोटाखाली अगदी सारखा. मला बंगालीचं एक अक्षर ओळखता येत नाही हो. तिला बंगाली पुस्तकातला क पहिल्या दिवशी ओळखता येईल.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि पहिलीला शिकवलेल्या माणसालाच ती पुरती समजेल असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘किती’ हा शब्द घ्या. पहिलीतलं मूल तो वाचताना अडखळतं, कारण डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि तोंडानं मात्र आधी क म्हणायचा असतो. किती मुलांना मी समजावलं असेल की ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची पण नंतर वाचायची! का, ते मलाही सांगता यायचं नाही. ब्रेलमध्ये? क, मग इ, मग त, मग ई. जसं बोलतो तसं. वेलांटी आपल्या जागी, अक्षराच्या मागून.

आणि काना म्हणजे वेगळं काही नाहीच, तो ‘आ’च आहे! स्वराचं जे घर, तेच त्याच्या मात्रेचं घर. आपल्याकडे आ निराळा, काना निराळा. उ निराळा, उकार निराळा. अर्धी बाराखडी पाठ करण्यातच जून-जुलै जातो. इथे स्वर शिकला की बाराखडी आलीच. मी मॅडमना अडवलं. म्हटलं, “मग ‘दूत’ आणि ‘दऊत’ वेगळे कसे ओळखायचे?” त्या हसल्या. ‘दऊत’मध्ये द नंतर एक ‘अ’ ठेवतात, फक्त एक ठिपका, की थांब, इथे द पुरा झाला, आता ऊ स्वतंत्र आहे. मी चक्क टाळी वाजवली.

मग र! अहो, या र नं माझ्या वर्गातल्या किती मुलांना रडवलंय. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटात तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये पायाखाली टोपी होतो. ब्रेलमध्ये र म्हणजे र, जिथे येईल तिथे तेच चार ठिपके. जोडाक्षर असेल तर अर्ध्या अक्षराच्या आधी चौथा ठिपका एकटा येतो आणि बोटाला सांगतो की आता येणारं अक्षर अर्धं आहे. आधीच सांगतो! आपण पाय मोडतो तो अक्षर लिहून झाल्यावर. इथे पायरी येण्याआधी हात धरतात.

आणि ण. आकडा लिहायचा असेल तर ब्रेलमध्ये आधी आकड्याची खूण द्यावी लागते, आणि ती खूण नेमकी ण चीच आहे, तीन-चार-पाच-सहा. मी विचारलं, गोंधळ नाही होत? मग माझं मलाच उत्तर सुचलं आणि अंगावर काटा आला. आपण मुलांना ‘ण बाणातला’ असं का शिकवतो? कारण ण नं सुरू होणारा रोजचा मराठी शब्दच नाही! म्हणजे सुरुवातीलाच ण लागला की बोटाला कळणार, पुढे आकडा आहे. ठरवणाऱ्यांनी हे मराठीकडे बघून ठरवलं नसेलही, पण मराठीला ते कसं अंगासरशी बसलं!

वाचणं एकवेळ सोपं, लिहिण्यात माझी परीक्षा होती. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवतात आणि स्टायलस नावाच्या बोथट टोकाच्या टोचणीनं मागच्या बाजूनं ठिपके टोचतात. टोचलेला ठिपका पलीकडे उठतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर आरशातलं. मग कागद उलटायचा आणि डावीकडून वाचायचं. मी मोठ्या उत्साहानं ‘राजापेठ’ लिहिलं. सात घरं, तेवीस ठिपके. उजवीकडून सुरुवात केली ते बरोबर, पण घरं आरशातली करायला विसरले. मॅडमनी कागदावरून बोटं सरकवली आणि शांतपणे वाचलं, “ठ, घ, ह, घ, थि, र.”

आधी मी खट्टू झाले. मग लक्षात आलं की माझा र उलटून ठ झाला होता आणि ठ उलटून र! ज चा ह झाला होता! म्हणजे अक्षरांच्या जोड्या आहेत, एकमेकांच्या आरशातल्या. त्या रात्री मी वहीत सगळ्या जोड्या मांडल्या. इ ला उलटं केलं की ए. प ला उलटं केलं की थ. आणि ल? डावीकडचे तीनही ठिपके म्हणजे ल. उजवीकडचे तीनही ठिपके म्हणजे ळ. ल आणि ळ समोरासमोर उभे, मध्ये आरसा! शाळेच्या दिवसांत हे माहीत असतं तर डोळस मुलांनाही मी हे शिकवलं असतं, निव्वळ आनंदासाठी.

वहीतल्या त्या जोड्या मांडतानाच मी ढ पाशी पोचले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. उलटा करा, सुलटा करा, तो ढच राहतो. एकही जागा रिकामी नाही.

माझ्या वर्गात फार वर्षांपूर्वी एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की शेजारच्याच्या वहीत डोकावायचा. मी त्याला ढ म्हटलं होतं. एकदा नाही, वर्षभर म्हटलं. पुढे कुणीतरी त्याचे डोळे तपासले आणि त्याला जाड भिंगांचा चष्मा लागला. त्याला फळा दिसतच नव्हता. आम्ही सगळेच तेव्हा तो शब्द सहज वापरायचो, त्याचा अर्थ ‘रिकामा’ असा धरून. आणि इकडे, बोटांच्या मराठीत, सगळ्यात भरलेलं अक्षर तेच. मी वही मिटली, दिवा मालवला आणि मघाशी सांगितलं तशी चादरीवर ठिपके दाबत पडले.

आता मला जुन्या गोष्टीही वेगळ्या दिसायला लागल्या आहेत. आपल्याच जिल्ह्यातले माधानचे संत गुलाबराव महाराज लहानपणापासून मी ऐकत आले. १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ मध्ये गेले. उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य आणि शंभराहून अधिक ग्रंथ. नावंग नावाची स्वतंत्र भाषाही रचली त्यांनी. प्रज्ञाचक्षू म्हणून आपण हात जोडतो. पण मला आता राहून राहून वाटतं, त्यांना प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली आणि दुसऱ्याच्या हातून उतरवावी लागली. त्यांच्या हयातीत, १९०० मध्ये, मुंबईत अंध मुलांची शाळा सुरूही झाली होती. ते ठिपके माधानपर्यंत पोचले असते तर? नवी भाषा रचणारा तो माणूस त्रेसष्ट घरांत किती रमला असता!

परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांचं घर उभं केलंय, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्या घरात वाढलेली, दृष्टी नसलेली एक मुलगी एमपीएससीची कारकून-टंकलेखकाची परीक्षा पास झाली. पेपरात वाचलं तेव्हा मी ‘केवढी जिद्द’ म्हणून पान उलटलं होतं. आज तीच बातमी वाचली तर पहिला प्रश्न मनात येईल: तिचं बोट धरून तिला पहिला क कुणी दाखवला असेल? आणि स्वागत थोरातांनी फेब्रुवारी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतलं पहिलं ब्रेल पाक्षिक सुरू केलं, तेही मला आत्ता समजलं. बोटांनी वाचायचं वर्तमानपत्र, मराठीतलं! मी कुठे होते इतकी वर्षं?

पोरीच्या शाळेचंही बघतोय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं तिच्यासारख्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. भाचीला ती शेजारच्या मुलांबरोबर शिकायला हवी आहे. माझं मत थोडं वेगळं आहे: आधी ब्रेल बोटांत मुरू द्यावं, जिथे दिवसभर ब्रेल चालतं अशा ठिकाणी, मग कुठेही पाठवा. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला गोष्ट येते, पण ‘दिवस’मधली वेलांटी पहिली की दुसरी ते कसं कळणार? शुद्धलेखन कानाला दिसत नाही. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

तोवर बोटांची तयारी. मॅडमनी सांगितलं की अक्षरांच्या आधी बोटं शहाणी व्हायला हवीत. म्हणून आमच्या ओट्याजवळ रोज शाळा भरते: तूर, हरभरा, मूग आणि मसूर एकत्र करायचे आणि तिनं निवडायचे. वाचताना बोट दाबायचं नाही, घासायचं नाही, हलकेच सरकवायचं, आणि दोन्ही हातांनी वाचायचं. गणितासाठी टेलर फ्रेम आणली. आठ कोनांची भोकं आणि त्यात बसणारे छोटे खिळे. खिळा कुठल्या दिशेला वळवलाय त्यावरून आकडा ठरतो. एकाच खिळ्यात, दोन टोकं आणि आठ दिशा मिळून सोळा खुणा! परवा तिनं हातच्याची बेरीज केली आणि मला बोट लावून तपासायला सांगितलं. माझं बोट अजून हळू चालतं. ती थांबली माझ्यासाठी.

गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना ब्रेलच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तिखट, मीठ, साखर, गूळ, हळद, शेंगदाणे. या वेळी प्रत्येक घर आरशातलं, तीनदा तपासून. तिला सांगितलं नाही. काल दुपारी ती शेंगदाणे शोधत फडताळापाशी गेली. पहिल्या डब्यावर हात पडला आणि थबकला. मी दारात उभी होते, श्वास रोखून. डावं बोट चिठ्ठीच्या सुरुवातीला टेकलं, उजवं हलकेच सरकायला लागलं. ओठ हलत होते. ग. ऊ. मग उजवीकडचे तीन ठिपके, ल नाही, त्याच्या आरशातला.

“गूय!” ती ओरडली. “आजी, याच्यात गूय आहे!”

बत्तीस वर्षं मी पोरांचा हा य सुधारत आले. ‘डोया नाही, डोळा. काया नाही, काळा.’ बोटाखाली तिच्या ळ होता, तोंडात आपली वऱ्हाडी होती. मी काही बोलले नाही. तिनं झाकण उघडलं, मोठासा खडा काढला, अर्धा तोडून माझ्या दिशेनं धरला आणि दुसऱ्या हातानं पुढचा डबा चाचपायला लागली.